पडवीचा खांब तुटू नये म्हणून: पॅनो हेडवर कॅमेरा बसवणं आणि जुळवणं

कौलारू घराच्या पडवीत ट्रायपॉड लावून चौफेर पॅनोरमा घेतला की पहिला बळी खांबाचा जातो. खांब दोन हातांवर, त्याच्यापलीकडे खळं, तुळशीवृंदावन, मग गडगा आणि सगळ्यात मागे माड. फोटो जोडायला घेतले की माड चपखल बसतात आणि खांब मात्र मधोमध तुटून बाजूला सरकलेला दिसतो. खांब जुळवावा तर गडग्याचे चिरे दुहेरी होतात. सॉफ्टवेअर बदलून हे दुखणं बरं होत नाही. ट्रायपॉड जागचा हलला नसला तरी लेन्स हललेली असते, म्हणजे शेजारशेजारचे दोन फोटो दोन वेगळ्या जागांवरून घेतलेले असतात. जवळचं आणि लांबचं यांचं एकमेकांशी असलेलं नातंच त्या दोन फोटोंत वेगळं आहे. ते जोडणार कसं?

पॅनो हेडचं काम एवढंच, की कॅमेरा कुठल्याही दिशेला फिरवला तरी लेन्सचा एक ठरावीक बिंदू जागचा हलता कामा नये. या बिंदूला सर्रास ‘नोडल पॉइंट’ म्हणतात. ते नाव चुकीचं आहे, पण इतकं रुळलंय की दुकानात तेच सांगावं लागतं. खरा बिंदू एन्ट्रन्स प्युपिलच्या मध्याशी असतो. लेन्समध्ये समोरून डोकावलं की ॲपर्चरचं जे भोक दिसतं, ते जितकं आत असल्याचं भासतं तिथे. कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडचा स्क्रू लागतो त्या जागेशी त्याचा काही संबंध नाही. फुल-फ्रेम बॉडी आणि साधारण वाइड लेन्स असेल तर प्युपिल स्क्रूच्या पुढे आठ-दहा सेंटिमीटरवर सापडतं.

किती चूक चालते?

हा हिशोब आधी केला की पुढची बरीच धास्ती कमी होते. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा (६००० × ४०००) आणि २४ मिमी लेन्स धरू. प्युपिल फिरण्याच्या अक्षापासून १० सेमी पुढे आहे आणि दोन फोटोंमध्ये आपण ३० अंश वळलो, तर लेन्स ५.२ सेमी सरकते. त्यामुळे एक मीटरवरचा खांब लांबच्या माडांच्या तुलनेत साधारण २०० पिक्सेल सरकतो. वस्तू ५ मीटरवर असेल तर ४० पिक्सेल, आणि ५० मीटरवर असेल तर फक्त ४.

हीच चूक १० सेमीऐवजी ५ मिमी असेल तर एक मीटरवर १० पिक्सेल आणि पाच मीटरवर २. चूक १ मिमीवर आणली तर एक मीटरवरसुद्धा २ पिक्सेल, म्हणजे सॉफ्टवेअर सहज पोटात घालतं.

याचा अर्थ, कड्यावर उभं राहून नुसता समुद्र, खाडी आणि पलीकडचा डोंगर घ्यायचा असेल तर पॅनो हेड घरी राहिलं तरी बिघडत नाही. हातात धरून, नीट फिरून घेतलेलंसुद्धा जुळतं. फक्त पायाखालची जमीन विसरू नका. कॅमेरा दीड मीटर उंचीवर, उभा आणि सरळ क्षितिजाकडे बघत असेल, तर २४ मिमीच्या फ्रेमची खालची कड दोन मीटरवरची जमीन पकडते. पुळणीवर त्या जमिनीत थोडा घोळ झाला तर कुणाला कळणार नाही. जांभ्याच्या सड्यावर लगेच कळतो, कारण तिथे भोकं, भेगा आणि कडा असतात. कशेळी, उक्षी, बारसू या भागांतली कातळशिल्पं घेताना तर खोदलेली रेषाच फोटोच्या सांध्यावर तुटते, आणि मग त्या फोटोला नोंद म्हणून काही किंमत राहत नाही. (आणि ट्रायपॉडचा पाय शिल्पावर नको, बाहेर. हे सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं.)

हेडचे भाग, खालून वर

ट्रायपॉडच्या डोक्यावर ३/८ इंची स्क्रू असतो, त्यावर लेव्हलिंग बेस (हेड पाणसळीत आणायची बैठक) बसतो, त्यावर रोटेटर, म्हणजे आडवा फिरणारा भाग. रोटेटरवर अंशांचा गोल अंकपट्टा आणि खट्‌खट् थांबणारे क्लिक-स्टॉप असतात. रोटेटरवर खालची आडवी रेल, तिच्या टोकाला उभा हात, उभ्या हातावर वर-खाली कलणारी वरची रेल आणि तिच्यावर कॅमेऱ्याचा क्लॅम्प. खालच्या रेलने कॅमेरा डावी-उजवीकडे सरकतो, वरच्या रेलने पुढे-मागे. जुळवणी म्हणजे हे दोन आकडे शोधणं.

लेव्हलिंग बेस नसेल तर त्या जागी बॉल हेड चालतं, ते घट्ट आवळलं म्हणजे झालं. मात्र ते रोटेटरच्या खाली हवं. बरेच जण बॉल हेडच्याच बुडाशी असलेल्या फिरकीवर कॅमेरा फिरवतात. ती फिरकी बॉलच्या खाली असते. वर कॅमेरा कितीही सरळ केला तरी फिरण्याचा अक्ष ट्रायपॉडच्या कलाप्रमाणेच तिरका राहतो, आणि एका बाजूला सरळ असलेलं क्षितिज दुसऱ्या बाजूला कलंडतं.

कॅमेरा बसवणं

कॅमेरा उभा बसवायचा. उभ्या फ्रेममध्ये फोटो जास्त लागतात, पण उंची मिळते. आडवा घेतला तर माडांचे शेंडे आणि पायाखालची जमीन दोन्ही कापली जातात.

प्लेट घेताना मागच्या बाजूला छोटी उभी पट्टी असलेली घ्या, म्हणजे कॅमेऱ्याची पाठ त्या पट्टीला टेकते आणि कॅमेरा स्क्रूभोवती फिरत नाही. गुळगुळीत सपाट प्लेटवर उभा कॅमेरा लेन्सच्या वजनाने हळूहळू खाली मान टाकतो. पहिल्या फोटोत क्षितिज मध्यावर आणि बाराव्या फोटोत बोटभर वर, असं दिसलं तर आधी प्लेटचा स्क्रू तपासा. पाव इंची स्क्रू नुसत्या बोटांनी आवळून पुरत नाही, नाणं किंवा ॲलन की वापरा. एल-ब्रॅकेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूला धरणारी काटकोनी प्लेट, असेल तर उत्तम.

झूम लेन्स असेल तर एकच फोकल लेंग्थ ठरवा आणि झूमच्या रिंगवर चिकटपट्टी लावा. झूम बदललं की प्युपिल सरकतं आणि आधीचे सगळे आकडे बाद होतात. फोकस बदलल्यावरही थोडं सरकतं, म्हणून जुळवणी त्याच फोकसवर करायची ज्यावर पुढे फोटो घ्यायचे आहेत. २४ मिमीला एफ/११ ठेवून फोकस पावणेदोन मीटरवर अडकवला की साधारण ९० सेमीपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एफ/८ ला फोकस २.४ मीटरवर आणि जवळची हद्द १.२ मीटर. पडवी, देवळाचा सभामंडप अशा अडचणीच्या जागी एफ/११ बरं.

स्टॅबिलायझेशन बंद. बॉडीतलं सुद्धा. ते चालू असेल तर सेन्सर आपल्या मर्जीने इकडे-तिकडे सरकतो, आणि आपण ज्या मिलिमीटरसाठी घाम गाळतोय त्याला अर्थच उरत नाही.

पहिली जुळवणी: डावं-उजवं

ही आधी करायची. नंतर केली तरी चालेल असं वाटतं, पण नाही चालत. कारण खाली येईलच.

वरची रेल ९० अंश खाली कलवा, म्हणजे लेन्स थेट रोटेटरकडे बघेल. लाइव्ह व्ह्यूमध्ये रोटेटरचा गोल अंकपट्टा दिसायला हवा. इतक्या जवळचं धूसर दिसेल, म्हणून एफ/१६ करा आणि हवं तर या चाचणीपुरता फोकस जवळ आणा, त्याने डाव्या-उजव्यात फरक पडत नाही. आता खालची रेल सरकवत रोटेटरचा मध्य फ्रेमच्या मध्यावर आणा. डोळ्याने ‘आलं वाटतं’ यावर थांबू नका. एक फोटो काढून मोठा करून बघा. फ्रेमच्या डाव्या कडेपासून अंकपट्ट्याची डावी कड आणि उजव्या कडेपासून उजवी कड, दोन्ही अंतरं सारखी हवीत.

इथे दोन सापळे आहेत. एक, ज्या खुणेवर नेम धरताय ती रोटेटरची हवी. बऱ्याच हेडमध्ये सरकणाऱ्या रेलवरच मध्याची खूण किंवा स्क्रू असतो. रेल सरकली की खूणही सरकते, आणि तुम्ही हवा तो आकडा ‘बरोबर’ ठरवू शकता. दुसरा, हेड फिरवून बघितल्याने इथे काही सिद्ध होत नाही. रेल कॅमेऱ्याबरोबरच फिरते, त्यामुळे चुकीच्या जागी असली तरी चित्रात ती स्थिरच दिसते.

रोटेटरचा मध्य डावी-उजवीकडे बसला, पण फ्रेमच्या लांब बाजूला, म्हणजे वर-खाली, सरकलेला असेल तर? आधी कल खरोखर ९० अंश आहे का ते अंकपट्टीवर बघा. असेल, तर लेन्सचा अक्ष आणि कलण्याचा अक्ष एका रेषेत नाहीत, म्हणजे कॅमेरा प्लेटवर थोडा सरकवून बसवावा लागेल. एकाच ओळीचा पॅनोरमा घेणार असाल तर याकडे दुर्लक्ष करा. तेव्हा ही चूक नुसती कॅमेऱ्याची उंची ठरवते. वर-खाली कलवून दोन-तीन ओळी घेणार असाल तर मात्र ती सोडवायलाच हवी.

बसलं की खालच्या रेलच्या स्टॉपरला स्क्रू लावा आणि आकडा लिहून ठेवा. हा आकडा फक्त बॉडीवर आणि प्लेटवर अवलंबून आहे, लेन्स बदलली तरी तोच राहतो.

दुसरी जुळवणी: पुढे-मागे

यासाठी दोन उभ्या रेषा लागतात, एक जवळची आणि एक लांबची. कोकणात लांबच्या रेषेची वाण नाही. आगरातली पोफळ यासाठी बनवून ठेवल्यासारखी असते: सरळ, बारीक, आणि बुंध्याकडे वाऱ्याने न हलणारी. माड बहुधा वाकडा असतो, तो टाळा. पोफळ ३० मीटर किंवा त्याहून लांब असेल तर चांगलं.

जवळच्या रेषेसाठी गवंड्याचा ओळंबा. पडवीच्या वाशाला दोरी बांधायची, खाली ओळंबा किंवा दगड, आणि तो डोलू नये म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवायचा. पाण्यात तो अर्ध्या मिनिटात शांत होतो. दोरी कॅमेऱ्यापासून एक मीटरवर ठेवा. त्याहून जवळ घेतली तर चूक जास्त ठळक दिसते हे खरं, पण दोरी धूसर होते आणि तिची कड सापडत नाही. खिडकीचा गजही चालतो, फक्त त्याची जाडी मागची पोफळ झाकून टाकते.

ट्रायपॉड असा लावा की दोरी आणि पोफळ एकमेकांना जवळजवळ चिकटून दिसतील, मध्ये केसाएवढी फट. कल शून्यावर. आता हेड डावीकडे फिरवा, इतकं की ही जोडी फ्रेमच्या उजव्या कडेजवळ जाईल. २४ मिमीला उभ्या फ्रेममध्ये मध्यापासून कडेपर्यंत साडेसव्वीस अंश असतात, म्हणून २२ अंश फिरवा. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून फट बघा. मग हेड उजवीकडे फिरवून जोडी डाव्या कडेजवळ आणा आणि पुन्हा बघा.

दोन्ही ठिकाणी फट सारखी असेल तर झालं. नसेल तर नियम असा:

कॅमेरा ज्या दिशेला फिरवला त्याच दिशेला दोरी पोफळीच्या तुलनेत सरकली, तर प्युपिल अक्षाच्या मागे आहे, कॅमेरा पुढे सरकवा. दोरी उलट दिशेला सरकली, तर प्युपिल अक्षाच्या पुढे गेलंय, कॅमेरा मागे घ्या.

हा नियम डोक्यात उलटा बसण्याची फार शक्यता असते, तेव्हा हेडच्या पिशवीत चिठ्ठी करून ठेवलेली बरी. आधी ५ मिमीच्या टप्प्यांनी सरकवा. दोरीची दिशा उलटली की दोन आकड्यांमधलं अंतर १ मिमीने तपासा. वर सांगितलेल्या कॅमेऱ्यावर, एक मीटरवरची दोरी १ मिमीच्या चुकीला दोन कडांमध्ये सुमारे साडेतीन पिक्सेल सरकते. दहापट मोठं केलं की ते दिसतं. त्याच्या खाली जाण्यात शहाणपण नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या मागे लागणाऱ्यांचा वेळ सरळ वाया जातो.

आता आधी डावं-उजवं का, ते. पुढे-मागे चूक असेल तर दोरी डाव्या कडेला एका दिशेला आणि उजव्या कडेला विरुद्ध दिशेला सरकते. पण मध्यावर असलेली फट आणि दोन्ही कडांची फट यांत फरक पडतो आणि तो दोन्ही कडांना एकाच दिशेला, असं दिसलं तर चूक खालच्या रेलची आहे. वरची रेल कितीही सरकवली तरी ती जाणार नाही. दोन्ही चुका एकत्र असतील तर एक कड जुळते, दुसरी जुळत नाही, आणि माणूस तासभर वरच्या रेलशी झगडत बसतो.

फिशआय लेन्स असेल तर आणखी एक पेच आहे. तिचं प्युपिल एका जागी नसतंच, कडेच्या किरणांसाठी ते पुढे सरकतं. म्हणून सगळीकडे शून्य पॅरॅलॅक्स (जवळच्या वस्तूचं लांबच्या वस्तूच्या तुलनेत सरकणं) मिळेल ही अपेक्षा सोडायची आणि सांध्याच्या जागी शून्य मिळवायचं. ६० अंशांवर सहा फोटो घेणार असाल तर सांधा मध्यापासून ३० अंशांवर येतो, चार फोटो घेणार असाल तर ४५ वर. चाचणी त्याच कोनावर करा, अगदी कडेला नेऊन नको.

सापडलेला आकडा लेन्सचं नाव, फोकल लेंग्थ आणि फोकसच्या अंतरासकट लिहा. पुन्हा ही कसरत करावी लागत नाही, जागेवर जाऊन रेल त्या आकड्यावर लावली की पुरतं.

किती फोटो, किती अंशांवर

२४ मिमी उभ्या फ्रेमची रुंदी ५३ अंश. ३६ अंशांवर क्लिक ठेवला तर १० फोटोंत फेरी पूर्ण होते आणि शेजारच्या फोटोंत सुमारे ३० टक्के ओव्हरलॅप मिळतो. ३० अंशांवर १२ फोटो, ओव्हरलॅप ४० टक्क्यांच्या वर. फ्रेममध्ये समुद्र असेल तर १२ घ्या. लाटांवर सॉफ्टवेअरला पकडायला काही स्थिर मिळत नाही, त्यामुळे किनाऱ्याचा जो तुकडा मिळेल तो मोठा हवा. ३५ मिमीची रुंदी ३८ अंश, त्यासाठी २४ अंशांवर १५ फोटो. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमी म्हणजे जवळपास २४ मिमीचाच हिशोब.

एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ, फोकस, सगळं मॅन्युअल. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, निळ्या आभाळात तो एका बाजूला काळा डाग आणतो आणि तो कशानेही जात नाही. व्हेरिएबल एनडीचंही (प्रकाश कमी करणारा, घनता बदलता येणारा फिल्टर) वाइड लेन्सवर तेच होतं. साधा, ठरावीक घनतेचा एनडी चालतो.

पाणसळ आणि क्षितिज

हेडवरचा बुडबुडा अर्ध्या अंशापर्यंत फसवतो. समुद्रकाठी त्याहून चांगली पाणसळ समोरच पसरलेली असते. कल शून्यावर ठेवा, कॅमेरा नैऋत्येकडे वळवा आणि फ्रेमच्या मध्यावर क्षितिज ग्रिडच्या कुठल्या उंचीवर येतंय ते मोठं करून बघा. मग पश्चिमेकडे आणि शेवटी वायव्येकडे वळवा. तिन्ही ठिकाणी उंची सारखी हवी. अक्ष एक अंश कललेला असेल तर या कॅमेऱ्यावर क्षितिज ७० पिक्सेलपर्यंत हलतं, तेव्हा चूक लपत नाही. समुद्र फक्त पश्चिमेला आहे म्हणून बिघडत नाही, या ९० अंशांतल्या तीन दिशा तपासल्या की अक्ष पक्का होतो. उंच कड्यावरून क्षितिज फ्रेमच्या मध्याच्या किंचित खाली दिसतं (६० मीटरवरून सुमारे पाव अंश), ते साहजिक आहे, त्याला सुधारायला जाऊ नका. तिन्हीकडे सारखं आहे ना, एवढंच बघायचं.

क्षितिजाची उंची सगळीकडे सारखी, पण प्रत्येक फ्रेममध्ये ते एकाच बाजूला तिरकं, असं दिसलं तर अक्ष बरोबर आहे आणि कॅमेरा प्लेटवर वाकडा बसलाय. जागोजागी तिरकेपणा बदलत असेल तर अक्ष तिरका.

खरं सांगायचं तर लेव्हलचं एवढं स्तोम माजवायचं कारण नाही. पूर्ण गोलाकार, ३६० × १८० अंशांचा पॅनोरमा सॉफ्टवेअरमध्ये काहीही न गमावता सरळ करता येतो. एका ओळीच्या पॅनोरमात मात्र तिरक्या अक्षामुळे फोटोंची ओळ सापासारखी वर-खाली जाते, आणि सरळ आयत कापताना वरखालचा भाग फुकट जातो. पॅरॅलॅक्सची चूक मात्र मागाहून सरळ होत नाही. हाताशी वेळ कमी असेल तर तो रेलवर घालवा, बुडबुड्यावर नको.

वाळू, वारा, खारं पाणी

ओल्या पुळणीवर ट्रायपॉड उभा केला की पहिली परतणारी लाट एका पायाखालची वाळू ओढून नेते. आठव्या फोटोला अक्ष तिरका झालेला असतो आणि ते घरी गेल्यावर कळतं. पाय आधी हाताने दाबून, थोडे घोळवून, रुतवून घ्या. लाट पोचते तिथे प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा ठेवा. सुक्या, भुसभुशीत वाळूत करवंटी तोंड वर करून पुरायची आणि पाय तिच्यात टेकवायचा. उधाणाच्या दिवसांत पाणी पुळणीवर भराभर चढतं, तेव्हा ओहोटी लागल्यावर सुरुवात करा, म्हणजे पाणी तुमच्यापासून लांब जात राहील. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, एवढी धावपळ नसते.

दुपारचा खारा वारा सेंटर कॉलम वर काढलेल्या ट्रायपॉडला थरथरवतो. कॉलम खालीच ठेवा. पिशवी हुकाला टांगायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, लोंबकळणारी पिशवी वाऱ्याबरोबर झोके घेते आणि उलट त्रास देते. वरची रेल लांब असते आणि लेन्स जड असेल तर ती वाकते. वर कलवलेल्या ओळीतले फोटो खालच्या ओळीशी नेहमी थोडे चुकत असतील तर हे कारण आधी तपासा.

लाटांचे फोटो एका दमात घ्या: फेरीची सुरुवात जमिनीच्या बाजूने नव्हे, समुद्राच्या एका टोकापासून करा आणि समुद्र संपेपर्यंत थांबू नका. फुटणाऱ्या लाटेची पांढरी रेघ सांध्यावर आली तर ती तुटणारच. एनडी लावून शटर एक-दोन सेकंदांचं ठेवलं की लाटा धुक्यासारख्या मिसळतात आणि सांधा लपतो, पण त्या दिसायलाही धुक्यासारख्याच दिसतात. ते आवडत नसेल तर तीच फ्रेम तीन-चार वेळा घ्या आणि जुळणारी निवडा.

जोडताना

हगिन फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. पीटीगुई विकत घ्यावं लागतं, पण वेगाने चालतं. दोन्हीत कंट्रोल पॉइंट (शेजारच्या दोन फोटोंत एकच जागा दाखवणाऱ्या खुणा) आपोआप लागतात आणि त्यातले कित्येक लाटांवर, ढगांवर, माडाच्या झावळ्यांवर बसलेले असतात. ते आधी पुसा. मग सरासरी चूक बघा. जुळवणी नीट असेल तर ती एक-दोन पिक्सेलच्या आसपास येते. दूरचे पॉइंट जुळताहेत आणि जवळचेच चुकताहेत, असं असेल तर वरची रेल हललेली आहे. बऱ्याचदा कारण साधंच असतं, क्लॅम्पचा स्क्रू पूर्ण आवळलेला नसतो, किंवा रेलवर घामाचा, तेलाचा हात लागलेला असतो.

पायाखालचा भोपळा, म्हणजे ट्रायपॉडने झाकलेली जमीन, भरायला एक फोटो ट्रायपॉड बाजूला करून हातात धरून घ्यायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये व्ह्यूपॉइंट दुरुस्ती लावायची. ती फक्त सपाट जमिनीवर चालते. शेणाने सारवलेलं खळं किंवा फरशी असेल तर जुळते. खडबडीत जांभ्यावर जुळत नाही, तिथे शेजारच्या दगडाचा पोत घेऊन हाताने भरणं जास्त बरं. सूर्य कुठे आहे ते बघून उभे राहा, नाहीतर जमीन भरते पण तुमची सावली राहते.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग यांसारख्या केंद्र-संरक्षित किल्ल्यांवर ट्रायपॉड लावायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. ती आधी काढून ठेवा, होडीतून उतरल्यावर वाद घालण्यात उजेड जातो.

घरी आल्यावर हेड आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचे स्क्रू असतात, मध्ये मीठ आणि ओल राहिली की ते एकमेकांना चिकटतात आणि एका पावसाळ्यानंतर सुटत नाहीत. आट्यांना वर्षातून दोनदा ग्रीसचं बोट लावा. क्लॅम्पच्या जबड्याला आणि रेलच्या कडांना मात्र ग्रीस अजिबात लागू देऊ नका, तिथे पकड हवी असते. लेन्सवर खाऱ्या तुषारांचे डाग असतील तर ते कोरडे घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग लेन्सच्या द्रावाने ओला केलेला टिश्यू. ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर काढून, पिळाच्या लॉकमधली वाळू पाण्याने धुऊन, सावलीत उघडेच वाळत ठेवा. बंद करून ठेवले तर दुसऱ्या दिवशी लॉक फिरवताना करकर आवाज येतो, ती आत राहिलेली वाळू.